चंद्रभागाबाईच्या विहिरीचा ठराव

बाहत्तर सालच्या दुष्काळाबद्दल खोटं बोलायची सोयच नाही. जी थाप मारावी ती आधीच घडून गेलेली. कावळे त्या साली उडत नव्हते, पायी जायचे. उडलं की दम लागतो आणि दम लागला की तहान लागते, एवढी अक्कल त्यांनाही आलेली. माझ्या सासुरवाडीच्या मारुतीला एका दुपारी घाम फुटला, तर पुजाऱ्यानं आरती सोडून खाली वाटी धरली. हे मी शपथेवर सांगतो आणि लोक मान डोलावतात. पण त्याच गावात, त्याच उन्हाळ्यात जी सभा भरली तिचं सांगायला लागलो, की म्हणतात, "जावईबापू, आता मात्र थापा लावू नका." म्हणून एकदा लिहूनच ठेवतो. लिहिलेल्याला लोक मान डोलावत नसतील, पण मधे तोंड तरी घालत नाहीत.

सासुरवाडी उंबरदरा. आष्टीहून कड्याला निघालं की डाव्या अंगाला माळ लागतो, त्या माळाच्या पोटात. बायको बाळंतपणाला माहेरी होती आणि माझ्या गावात प्यायला थेंब नव्हता, म्हणून मीही पाहुणा म्हणून गेलो आणि तिथंच राहिलो. दुष्काळात जावई सासुरवाडीला मानासाठी जात नाही.

उंबरदऱ्याचं सगळं आटलं होतं. पाणी राहिलं ते एकट्या चंद्रभागाबाईच्या विहिरीत. बाई म्हातारी, निपुत्रिक, नवरा जाऊन जमाना झालेला, भाऊबंद कुणी नाही. मळ्यात विहिरीला लागूनच खोपट. विहिरीभोवती बाभळीच्या काटेरी फासांचं कुंपण, आणि कुंपणाच्या तोंडाशी खाट टाकून ही बसलेली, हातात काठी.

पाणी द्यायची, पण फुकट नाही. पैसा नको, ज्वारी नको. एका हंड्याला एक चुगली.

"बोल, काय आनलंस?" हंडा घेऊन बाई आली की म्हातारी विचारायची.

"काकू, काल आमच्या जावंनं सासूच्या डब्यातला गूळ..."

"जावंचं नको. जावांचं लई झालं परवापून. दुसरं?"

मग ती बिचारी इकडं तिकडं बघायची, आवाज खाली आणायची आणि घरातलं काही तरी काढायची. सोसायटीचे चेअरमन बबनराव मिशीला काजळ लावतात, हे गावाला कळलं ते त्यांच्याच बायकोला दोन हंडे हवे होते म्हणून. सुरुवातीला मजा वाटायची. मग एक सोयरीक मोडली, दोन भावांत कुऱ्हाडी निघाल्या, सासवा सुनांपुढं बोलायच्या बंद झाल्या. गाव तहानेनं मरायच्या आधी एकमेकांच्या तोंडानं मरायला लागलं.

मी परगावचा, माझ्याकडं चुगली कुठली? मी थापा द्यायचो. तहसीलदाराचा एक कान लाकडी आहे, मांजरसुंब्याच्या धाब्यावर एका ट्रकवाल्यानं वांग्याच्या भाजीत टायर खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाला. म्हातारी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. खोटं आहे हे तिला पुरतं ठाऊक. तरी माझी घागर काठोकाठ भरायला लावायची आणि म्हणायची, "उंद्या बी या जावई. न्हाई तर दिस उजाडतो आन् मावळतो, मानूस बोलत न्हाई."

पण आश्रुबाची बायको भोळी. तिला कुणाचं काही ठाऊकच नसायचं, आणि रचायला जमायचं नाही. दोनदा रिकामा हंडा घेऊन माघारी गेली. त्यांचं तान्हं लेकरू त्याच आठवड्यात गेलं. तहानेनं गेलं का उन्हानं, कुणी सांगावं? गावानं ते म्हातारीच्या नावावर मांडलं.

आता बद्रीनाथ. तो गावच्या सोसायटीचा सचिव. बीडला कॉलेजात काही दिवस काढून आलेला, अंगानं काडी, स्वभावानं सोनं. सोसायटीतून मिलो ज्वारी वाटायची तर गाव संपल्यावर स्वतःच्या घरची मापायचा, आणि बऱ्याचदा तोवर पोतं संपलेलं असायचं. बायको गीताबाई तोंडातून ब्र काढायची नाही. सोसायटीनं म्हातारीला किती विनवलं, विहीर गावाला दे, वाटप आम्ही पाळीनं करतो. ती म्हणायची, "मंग माज्याकडं कोन येईल रे?"

लेकरू पुरून आलो त्या दुपारी बद्रीनाथ माझ्याजवळ लिंबाखाली बसला.

"जावईबापू, एक इचारू?"

"इचार. पानी सोडून काय बी माग."

"एका मानसाच्या मरनानं समदं गाव जगत असंल, तर त्याला पाप म्हनायचं का?"

"मरतंय कोन?"

"धरा, कुनी बी."

"मग ज्याला मरायचं त्याला इचार की. मला कशापायी इचारतो?"

तो हसला नाही. नखानं माती उकरत म्हणाला, "शिपाई लढाईत मारतो, त्याला पदक. डागतर सडका पाय कापतो, त्याला हार. समद्यांच्या भल्यासाठी जो आपला हात घान करतो, त्यो खुनी न्हाई. त्यो..." त्याला शब्द सापडेना.

"त्यो सचिव," मी म्हणालो.

माझं काय, समोर शब्द दिसला की मी उचलतो. तो मात्र माझ्याकडं असा बघत राहिला की मला घोंगडी झटकून उठावं लागलं.

पुढचं त्यानं स्वतःच्या तोंडानं भर सभेत सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळं गाव खडी फोडायला सरकारी कामावर गेलेलं असताना तो मळ्यात गेला. सगळा विचार करून गेला होता. म्हातारी एकटी असणार, तोल जाऊन पडली असं लोक म्हणणार, रडायला कुणी नाही, विहीर सोसायटीकडं येणार. म्हातारी विहिरीच्या काठावर उभी राहून पोहऱ्यानं पाणी शेंदत होती. त्याला बघितलं आणि म्हणाली, "बद्री, लेका केवढ्या उन्हाचा आलास! तोंड बघ कसं झालंय. बस, आधी पानी पी."

चुगली मागितली नाही. ओंजळीत पाणी ओतलं. तो प्याला, पोटभर प्याला, ओल्या हातानं तोंड पुसलं. आणि तिनं पुन्हा पोहरा आत सोडायला पाठ वळवली तेव्हा दोन्ही हातांनी तिला ढकललं.

आवाज विरायच्या आत त्याच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो.

खुनाचं नाही. खुनाचं नंतर. आधी ध्यानात आलं ते हे, की ज्या विहिरीत माणूस मरतं तिचं पाणी गाव पीत नाही. ती तळापर्यंत उपसावी लागते, सगळं पाणी टाकून द्यावं लागतं, पूजा घालावी लागते, मग जे नवं पाझरेल ते प्यायचं. शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट! आणि त्या साली उपसलेली विहीर पुन्हा भरेल, हे सांगायची छाती देवाचीही नव्हती. ज्या पाण्यासाठी मारलं ते पाणीच त्यानं बाटवलं होतं. बीडपर्यंत जाऊन जगाचा हिशेब शिकलेला माणूस, आणि गावची रीत विसरला.

मग तो आतल्या दगडी पायऱ्यांनी खाली उतरला. म्हातारीचा जीव गेलेला होता. तिला खांद्यावर घेऊन वर आला, खाटेवर उताणी निजवली, पदर नीट केला. ऊन असं की लुगडं बघता बघता पापडासारखं वाळलं. तो घरी जाऊन पडून राहिला. दिवस कलताना कामावरून आलेल्या बायकांना म्हातारी खाटेवर गेलेली दिसली. पोलीस पाटील विठ्ठलरावांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "ऊन लागलं." सासूबाई वत्सलाबाई आणि आणखी दोघींनी आंघोळ घातली, दिवस मावळायच्या आत गावानं पोचवून टाकली. रडलं कुणी नाही. एकदोघी तर, देवा, हंडे घेऊनच आल्या होत्या.

आणि मग काय झालं? सगळं त्यानं धरलं होतं तसंच झालं! अंगावर काटा येतो तो याचाच. पाप केलं की विहिरीत साप निघावेत, पाणी कडू व्हावं, निदान गोष्टीत तरी असं असतं. इथं पाणी गोडच राहिलं. सोसायटीनं कुंपण काढलं, पाळ्या लावल्या, बद्रीनाथ सकाळपासून तिथं उभा. कुणाला चुगली करावी लागेना, जावा पुन्हा बोलायला लागल्या, मोडलेली सोयरीकसुद्धा जुळली. माझी बायको बाळंत झाली, पोरीची पहिली आंघोळ त्याच पाण्यानं. गाव तरलं.

एकटा बद्रीनाथ वाळत चालला. तो ते पाणी पीत नव्हता. खडीच्या कामावर मजुरांसाठी टँकर यायचा, तिथं उन्हातान्हात चालत जाऊन ओंजळभर प्यायचा. ओठ फुटून रक्त यायचं. गीताबाईनं एकदा न सांगता चहा करून दिला, तर घोट घेतल्याबरोबर अंगणात ओकला. लोकांना याचा अर्थ एकच लागला.

"संत हाय, संत," शेजारची रुक्मिणीबाई म्हणायची. "गाव प्याल्याबिगर पानी पीत न्हाई."

"गाव तर सकाळीच पितं की, मावशी," मी म्हणालो.

"तुमाला न्हाई कळायचं, जावई. तुमी खानारं-पिनारं मानूस."

शेवटी बबनरावांनी सत्कार ठरवला. मारुतीच्या पारावर सोसायटीची सभा भरली, दिवस अजून चांगला वर होता. पुढं सभासद, मागं भिंतीला बाया. टेबलावर टॉवेल, टोपी, नारळ. बबनरावांनी मिशीवरून हात फिरवला, मग बोटाकडं बघून तो गपकन धोतराला पुसला, आणि भाषण केलं. बद्रीनाथसारखा सचिव तालुक्यात नाही, पुढच्या साली मी खुर्ची सोडतो, चेअरमन बद्रीनाथच. टाळ्या झाल्या. टॉवेल घेऊन उठले तर बद्रीनाथ मागं सरला.

"मला हात लावू नका," तो म्हणाला. "चंद्रभागाबाईला मी मारलं."

कुणीतरी हसलं. वाटलं असेल, विनय.

मग त्यानं सगळं सांगितलं. वर लिहिलं ते, क्रमानं, सचिव इतिवृत्त वाचतो तशा आवाजात. फक्त एका ठिकाणी आवाज फुटला. "तिनं मला पानी पाजलं व्हतं. चुगली मागितली न्हाई. मी प्यालो आन् मंग ढकललं." आणि शेवटी म्हणाला, "ती हिरीत मेली. इहीर उपसा. आन् मला आष्टीच्या ठाण्यात न्या."

खुनाचं नाव निघालं की लोक खुन्याकडं बघतात. इथं कुणी बद्रीनाथाकडं बघेना. सगळे आपापल्या पायाकडं बघत होते, आणि मला दिसत होतं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं एकच चित्र आहे. पोहऱ्यामागून पोहरा पाणी मातीत चाललंय.

पहिला आश्रुबा उठला, ज्याचं लेकरू गेलं होतं तो. मला वाटलं, हा बद्रीनाथाच्या पाया पडतो का गळा धरतो?

"चेअरमनसाहेब," आश्रुबा म्हणाला, "माजी सूचना हाय. म्हातारी ऊन लागून मेली, असा ठराव घ्या."

"अनुमोदन," विठ्ठलराव पोलीस पाटील म्हणाले.

"अरे, काय करता?" बद्रीनाथ ओरडला. "मी मारली! ह्या हातानं!"

"सचिव, मधे बोलू नका. सभा चालू हाय," बबनराव म्हणाले. "ठराव मांडला गेला हाय. बाजूनं हात वर करा."

आणि हात वर झाले! सभासदांचे झाले, बिनसभासदांचे झाले, भिंतीकडल्या बायांचे झाले, त्यांना तर मतही नव्हतं. माणूस कशानं मेलं हे सोसायटीच्या सभेत हात वर करून ठरताना मी पाहिलं आहे. घाम फुटलेल्या मारुतीवर विश्वास ठेवता ना? मग यावरही ठेवा.

"सर्वानुमते मंजूर," बबनराव म्हणाले. "लिहून घ्या, सचिव."

बद्रीनाथाच्या हातातला टाक तसाच राहिला. तो वळला, बायांकडं गेला, माझ्या सासूबाईंपुढं उभा राहिला.

"वत्सलाकाकू, तुमी आंघूळ घातली तिला. तुमी तर सांगा."

सासूबाईंनी पदर पुढं ओढला. "खाटंवरच व्हती बाई. ऊन लागलं," त्या म्हणाल्या.

"मी फौजदाराकडं जातो," बद्रीनाथ म्हणाला. "मी सोता सांगतो."

"जा की," विठ्ठलराव शांतपणे म्हणाले. "पंचनाम्याला मलाच बोलावत्यात. साक्षीदार बी हेच. उन्हानं तुजं डोस्कं फिरलंय, हे बी आमीच सांगू. तू घरी जा लेकरा, दोन घोट पानी पी."

सभा उठली. नारळ तसाच राहिला.

घरी आल्यावर दिवेलागणीला मी सासूबाईंना विचारलं. मला वाटत होतं, पोराचं डोकं खरंच फिरलं असेल, आणि तसंच असावं असं मनोमन वाटत होतं. "सासूबाई, खरं सांगा. म्हातारी कोरडी व्हती ना?"

त्या चुलीपुढं बसल्या होत्या. मागं न बघता म्हणाल्या, "लुगडं कोरडं व्हतं. अंबाडा सोडला तर पिळून काढावा एवढा वला. नखांत शेवाळ. तिघींनी बी बघितलं."

"मग?"

"मंग काय? केस पुसले, अंबाडा बांधला. नखं काडीनं साफ केली." त्यांनी लाकूड आत सारलं. "आन् येताना हंडा भरून आनला. त्या दिशी सांजच्याला तुमी च्या मागितला व्हता, जावईबापू. त्यो कशाचा केला व्हता?"

पहिल्या दिवसापासून! बद्रीनाथ रात्रंदिवस जे एकटा गिळून बसला होता, ते या बायांना त्यानं सांगायच्या आधीपासून ठाऊक होतं, आणि त्यांनी त्याच पाण्यात भात शिजवला होता. मी पाळण्याकडं बघितलं. पोरगी गुटगुटीत दिसत होती. रागावावं कुणावर, हेच मला समजेना.

सकाळी आरडाओरड झाली म्हणून सगळे मळ्याकडं पळालो. बद्रीनाथ विहीर उपसत होता. एकटा. पोहरा शेंदायचा आणि मातीत ओतायचा, शेंदायचा आणि ओतायचा. भेगाळलेली जमीन सू सू करत पीत होती. तळहात सोलून निघालेले, दोर लाल.

आश्रुबा दगड उचलून धावला. बबनरावांनी त्याला धरला. बबनराव काही वाईट माणूस नव्हते, डोकं थंड होतं एवढंच.

"मारू नको. काढू दे त्याला," ते म्हणाले. "त्याला उपसायचंच हाय ना? उपसू दे. बायांनो, हंडे लावा."

आणि बायांनी हंडे लावले. आधी बिचकत, मग रेटारेटी. त्यानं पोहरा डाव्या अंगाला ओतला की हंडे डावीकडं, उजव्या अंगाला ओतला की उजवीकडं. एक थेंब खाली पडू देईनात. तो प्रायश्चित्त घेत होता आणि गाव ते भरून घरी नेत होतं. "सावकाश वत रे बद्री, धार मोडती!" कुणीतरी म्हणालंसुद्धा. त्याचे हात हळूहळू थंडावले. दोर धरून तो नुसता उभा राहिला. मारणाऱ्यानं कबूल केलं आणि ते पदरात घेणारं कुणी नाही, असं तोंड मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नको.

तेवढ्यात गीताबाई आली. डोक्यावर रिकामा हंडा. बायांनी वाट दिली, सचिवाची बायको. तिनं हंडा नवऱ्यापुढं ठेवला. त्यानं तिच्याकडं न बघता भरला. तिनं तो कमरेवर घेतला, चार पावलं बाजूला गेली, आणि सगळ्यांच्या देखत उलटा केला.

बायांच्या तोंडून "आगं आगं" निघालं. रुक्मिणीबाईनं तिचा दंड धरला. "येडी झालीस का गं? लेकरं हायती गावात!"

गीताबाईनं दंड सोडवून घेतला. परत येऊन हंडा नवऱ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, लहान आवाजात, पण मी जवळच होतो, "तुमी मारलं. मी ऐकलंय."

बद्रीनाथ तिच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या घशातून असा काही आवाज आला की मागची एक म्हैस दावं तोडून उठली, आणि ही थाप नाही. तो मटकन खाली बसून रडला, आणि रडता रडताच उठून पुन्हा पोहरा आत सोडला. दुसरा हंडा. तोही तिनं उलटा केला. आश्रुबाची बायको रांगेतून बाहेर आली, गीताबाईच्या एक मुस्कटात दिली, आणि मग स्वतःच तिच्या गळ्यात पडून ओरडायला लागली. रांग मात्र मोडली नाही. दोघींना वळसा घालून बाया पुढं सरकत होत्या, हंडे लावत होत्या.

सासूबाईंची घागर भरली. त्यांनी ती माझ्या खांद्यावर दिली आणि आम्ही निघालो. मागं हंडा उलटा झाल्याचा आवाज आला, पुन्हा एकदा. मी वळणार होतो.

"जावईबापू, मागं बघू नका," सासूबाई म्हणाल्या. "सांडंल."